हिरा हवाईला गेली तो हंगाम

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, तोवर साताऱ्याबाहेरच्या हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. एकामागे एक दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर कर्कश गाणं, मागं लाल कापडाची चिंधी. रिक्षावाला वैतागून म्हणतो, "झालं सुरू यांचं!" आणि मी मागच्या सीटवर बसून त्या उसाकडं बघत राहते. माझ्या वयाच्या बायकांना ऊस बघून गुऱ्हाळ आठवतं, काकवी आठवते, माहेर आठवतं. मला पहिली ट्रॉली दिसली की पोटात दुखतं. पन्नास वर्षं होत आली, तरी दुखतं. डॉक्टरला दाखवण्यासारखं ते दुखणं नाही, कारण त्याचं नाव मला चांगलं ठाऊक आहे. त्याला हेवा म्हणतात.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन वाळव्याच्या उसाच्या पट्ट्यात गेले, सांगली जिल्ह्यात. घरची बागायत, नवरा पलटणीत, सासरे नव्हते, आणि सासूबाई शेत, गडी, बैल सगळं एकहाती बघणाऱ्या. इतिहासात एम. ए. झालेली सून त्यांनी मोठ्या हौसेनं करून आणली आणि गावच्या मुलींच्या शाळेत नोकरीला लावली. साल सांगत बसत नाही. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते, विहिरी पुन्हा भरल्या होत्या, आणि कारखान्याचं धुराडं नोव्हेंबरापासून एप्रिलपर्यंत रात्रंदिवस धूर ओकायचं एवढं पुरे. वाळत घातलेल्या पांढऱ्या लुगड्यावर काळी काजळी बसायची. सासूबाई ती फुंकर मारून उडवायच्या. हात लावला की डाग पसरतो हे मला शिकायला एक अख्खा हंगाम लागला.

त्याच शाळेत हिरा होती. भूगोल शिकवायची. ती आटपाडीकडची, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली. तिचे वडील दरसाल उन्हाळ्यात कळप घेऊन आमच्या भागात उतरायचे, आणि खतासाठी शेतात मेंढरं बसवायचे. आमच्याही शेतात बसवायचे. म्हणजे जिथं मी लग्नानंतर मालकीणबाई म्हणून पाय ठेवला, तिथं हिरा लहानपणी कोकरू मांडीवर घेऊन झोपलेली होती. सासूबाई तिला तेव्हापासून ओळखत. ती घरी आली की त्या चुलीपुढून हाक मारायच्या, "आली व्हय गं हिरे? ये, भाकरी खा आधी." मी शिकलेली सून, पण इतक्या वर्षांत मला कधी त्यांनी "आधी भाकरी खा" म्हटल्याचं आठवत नाही. मला वाढून मिळायचं, तो भाग निराळा.

हिरा मला 'बाई' म्हणायची आणि 'तुमी' म्हणायची. मी तिला 'हिरा' आणि 'तू'. वयात फरक फार तर दोन वर्षांचा. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा दोघींनाही वाटलं नाही, निदान मला तरी नाही. स्टाफरूममध्ये मी तिचं बोलणंही सुधारायचे. "हाय नव्हे हिरा, आहे. मुलींसमोर तरी नीट बोल." ती हसून "आहे, आहे" म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा 'हाय' यायचा.

दसऱ्याच्या आधी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, स्टाफरूमच्या फळ्यावर एक पत्रक चिकटवलं. होनोलुलूची कुठलीशी संस्था आशियातल्या शिक्षकांना सहा आठवड्यांसाठी बोलावत होती. हवाई बेटांचा इतिहास शिकायचा, आणि उसासाठी देशोदेशींहून आणलेली माणसं तिथं एकमेकांसोबत कशी राहिली ते पाहायचं. उसाच्या मुलखातले शिक्षक त्यांना हवे होते. जाण्यायेण्याचा खर्च त्यांचाच. मी ते पत्रक उभ्यानं तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना मी मनातल्या मनात विमानात बसलेसुद्धा होते.

पुण्याच्या ग्रंथालयातून मी हवाईवरची दोन जाडजूड पुस्तकं आणवली. वाचत गेले तशी झपाटत गेले. त्या बेटांची एक राणी होती. मळेवाल्यांनी आणि गोऱ्या व्यापाऱ्यांनी मिळून तिला गादीवरून उतरवलं, आणि तिच्याच राजवाड्यात कोंडून ठेवलं. मी साताऱ्याची. आमच्या महाराजांना कंपनी सरकारनं असंच उतरवून काशीला धाडलं होतं, ते ऐकत ऐकत मी लहानाची मोठी झाले. पुस्तक मिटून मी अजिंक्यताऱ्याचा विचार करत बसायचे आणि मला वाटायचं, ही राणी माझी आहे. तिच्याबद्दल बोलायचा या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला अधिकार नाही.

हिरानंही अर्ज भरायचं ठरवलं. "बाई, मलाबी भरू का वो? मिळायचं तर न्हाईच, पर भरायला काय जातंय?" मी म्हटलं, "भर की." इतकंच नव्हे, तिचं इंग्रजी कच्चं म्हणून तिचा अर्ज मीच लिहून दिला. दुपारच्या सुट्टीत तिला राणीची गोष्टही शिकवली. मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता हो. शर्यतीत आपल्याबरोबर एखादं लंगडं कोकरू असलं तर कुणाला भीती वाटते?

अर्जासोबत आपल्या भागातल्या ऊसहंगामावर टिपण जोडायचं होतं. कारखान्यानं मोळी टाकली, गाळप सुरू झालं, आणि आम्ही दोघी एका रविवारी आमच्याच शेताच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्यांवर गेलो. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाची, वाकून आत शिरायची झोपडी. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादम वीस माणसं मोजत नाही, दहा कोयते मोजतो. आम्ही पोचताच एकानं धावत जाऊन आमच्याच वस्तीवरून खुर्ची आणली. एकच होती. मी बसले. हिरा पाचटावर फतकल मारून बसली, एका बाईच्या हातातला लसूण तिनं सोलायला घेतला, आणि म्हणाली, "गाव कंचं तुमचं? आन् माहेर?" झालं. त्या बाईचं माहेर जतच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवर. तिच्या आतेबहिणीचं सासर हिराच्या आजोळाशेजारी. पंधरा मिनिटांत नातं जुळलं. मी वहीत लिहिलं: 'दुष्काळी तालुक्यांतून येणारा हंगामी मजूरवर्ग.' मग माझी पेन्सिल थांबली, कारण पुढं काय लिहावं ते सुचेना. खुर्चीचा एक पाय मातीत रुतत होता, एवढं मात्र स्पष्ट आठवतं.

आता इतक्या वर्षांनी सांगायला काही वाटत नाही, पण त्या दिवशी तिचा पहिल्यांदा राग आला. तिथं गप्पा रंगल्या होत्या आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. घरी येताना मी तिला म्हटलं, "हे बघ, तिकडं परदेशात कुणाला असं गाव विचारायचं नसतं. मुलंबाळं, लग्न, माहेर, काही विचारायचं नाही. ते लोक त्याला आगाऊपणा समजतात." तिनं तो सल्ला खरोखर वहीत लिहून घेतला.

मुलाखत पुण्यात झाली. मार्गशीर्षातली थंडी, मी नारायणपेठी नेसले होते. समोर एक अमेरिकन गृहस्थ आणि आपल्याकडचे दोघं प्राध्यापक. मी राणीवर बोलले, साताऱ्याच्या गादीवर बोलले. एक प्राध्यापक तर मान डोलावत होते. मग त्या अमेरिकनानं विचारलं, "तुमच्या शेतात या घडीला ऊस कोण तोडतंय?" मी सांगितलं, अमुक तालुक्यातले मजूर. तो म्हणाला, "त्यांच्यापैकी एकाचं नाव सांगाल?" मी तोंड उघडलं. नाव येईना. एकसुद्धा येईना. खोटं सांगावं असंही मनात आलं, लक्ष्मी म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? पण ते धाडसही झालं नाही. माझ्यानंतर हिरा आत गेली ती तासाभरानं बाहेर आली. मी विचारलं, "एवढा वेळ काय विचारत होते?" ती म्हणाली, "इचारलं कुठं? मीच बोलत व्हते, तेच ऐकत बसले. इंग्रजीत अडलं की मराठीत सांगत व्हते, आपल्याकडचे सर त्या सायबाला समजावून द्यायचे."

निवड हिराची झाली.

पत्र आलं त्या दिवशी मी तिला पेढा भरवला. हसले. शाळा सुटल्यावर घरी आले आणि मागच्या दारी भांडी घासत बसले. घासायला कामाची बाई होती, तरी मीच घासली. सासूबाई म्हणाल्या, "आगं, त्या तपेलीला भोक पाडशील." मग थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हिरी निगाली न्हवं?" मी नुसती मान हलवली. त्या आत निघून गेल्या, आणि मला त्यांचाही राग आला. माझं पुस्तक, माझी राणी, माझं इंग्रजी, माझ्या लेखणीनं लिहिलेला अर्ज. आणि विमानात बसणार मेंढरांमागची पोरगी. हे असंच्या असं माझ्या मनात आलं होतं. मऊ करून सांगण्यात अर्थ नाही.

तिच्या जाण्याआधी शाळेत तिची ओटी भरली. बायकांना ठाऊक असतं, ओटीत येणारे काही खण शिवायचे असतात आणि काही फिरायचे. फिरता खण कुणीच शिवत नाही. तो एका ओटीतून दुसऱ्या ओटीत, हळदीकुंकवातून बारशात, वर्षानुवर्षं फिरत राहतो; घड्या इतक्या पक्क्या की उलगडला तर तिथंच फाटेल. माझ्या ट्रंकेत असाच एक पोपटी टेरिलिनचा खण होता. ट्रंकेत चांगला इरकली खणही होता, हात आधी त्याच्यावरच गेला होता. मग तो हात मी मागं घेतला आणि पोपटी काढला. तो मला मोठ्या बाईंनीच कधीतरी दिला होता, आणि त्यांना कुणी, देव जाणे. मी तो हिराच्या ओटीत घातला तेव्हा मोठ्या बाईंनी एकदा खणाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि घाईघाईनं कुंकवाचा करंडा शोधायला लागल्या. हिरानं वाकून मला नमस्कार केला. "बाई, तुमच्यामुळं चाललेय मी," ती म्हणाली. यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोसल्या असत्या.

ते सहा आठवडे कसे गेले ते विचारू नका. माघ होता, हंगाम ऐन भरात. शाळेच्या खिडकीतून गाड्यांची रांग दिसायची, बैल उसाच्या शेंड्याचं वाढं चघळत उभे, आणि मी मुलींना पेशवाई शिकवत असायचे. हिराचं एक पत्र आलं, समुद्राचं रंगीत चित्र असलेलं. मोठ्या बाईंनी ते स्टाफरूममध्ये लावलं. मी चहाला त्या भिंतीकडं पाठ करून बसायला लागले. घड्याळात बघून हिशेब करायचे, इथं सकाळचे अकरा म्हणजे तिथं आदली संध्याकाळ. म्हणजे वेळेतसुद्धा ती बया माझ्या मागं आहे, असं म्हणून मी स्वतःचं समाधान करून घ्यायचे. किती खालच्या थराला माणूस जातं बघा.

परवा शेजारच्या सुनेनं तिच्या भावाचे हवाईचे फोटो मोबाईलवर दाखवले. निळं पाणी, शहाळी, गळ्यात हार. मी विचारलं, "ऊस दिसतो का गं कुठं?" ती म्हणाली, "ऊस? काकू, तिथला शेवटचा साखर कारखानासुद्धा बंद पडला म्हणे कधीच." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं. मग दुपारभर चुकल्यासारखं होत राहिलं.

कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या सुमारास हिरा परतली. पाडव्यानंतर शाळेच्या पटांगणात तिनं मुलींपुढं भाषण केलं. मी पहिल्या रांगेत बसले होते, चुका काढायला. तिनं सांगितलं, तिथं अळवाचे कंद उकडून, कुटून, त्याची लापशी करून खातात. आपण पानं खातो आणि कंद लावायला ठेवतो, ते कंदच खातात. सांगितलं की चिनी, जपानी, पोर्तुगीज, फिलिपिनो, सगळे उसात राबायचे, आणि दुपारी बांधावर बसून एकमेकांच्या डब्यातलं खायचे. त्यातूनच सगळ्यांची मिळून एक मोडकीतोडकी बोली तयार झाली. मग सांगितलं की त्या बेटांवर सापच नाहीत. पटांगणात एकदम कुजबुज झाली. शिराळ्याची एक पोर होती, जिच्या घरी नागपंचमीला जिवंत नाग पुजायचे. ती उभी राहिली. "बाई, मग त्यांची नागपंचमी?"

"न्हाई गं करत ती," हिरा म्हणाली. "पर मुंगूस हाय बरं का. उसात उंदीर लय झाले म्हणून मळेवाल्यांनी भाईरनं आणलं. मूळचं आपल्या हिंदुस्थानातलंच ते. आता उंदीर निगतो रातीला आन् मुंगूस फिरतंय दिवसा, दोगांची गाठच पडंना!"

मुली हसून हसून लोळल्या. मी मनात म्हटलं, म्हणजे मुंगूससुद्धा माझ्याआधी पोचलं.

आणि माझी राणी? तिच्याबद्दल हिरा शेवटी बोलली, थोडंच बोलली. राजवाडा दुरुस्तीसाठी बंद होता, बाहेरूनच पाहिला. पण तिथल्या एका म्हाताऱ्या हवाईयन बाईंनी तिला सांगितलं की कोंडून ठेवलेलं असताना राणीनं चिंध्या जोडून वाकळ शिवली. ती वाकळ अजून आहे. माझ्या दोन्ही जाडजूड पुस्तकांत वाकळीचं नावही नव्हतं. "आन् त्या बाई सांगत व्हत्या," हिरा पुढं म्हणाली, "त्यांच्या आईला शाळंत आपली भाषा बोलली की शिक्षा व्हायची. बोलायची न्हाईच ती भाषा, असं म्हणणं मास्तरांचं." माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. ती जाणूनबुजून पाहत नव्हती की तिच्या मनातही काही नव्हतं, ते मला कधी कळलं नाही. त्या दिवसापासून मी तिचं 'हाय' दुरुस्त करणं मात्र सोडलं.

खरी गोष्ट तिनं मला एकटीला सांगितली. शाळा सुटल्यावर, पायरीवर बसून.

एका बेटावर त्यांना एका जपानी म्हातारीच्या घरी नेलं होतं. चाळीस वर्षं उसात राबलेली बाई. तिला मिळालेला पत्र्याचा नंबराचा बिल्ला तिनं जपून ठेवला होता; मळ्यावर नावानं नाही, त्या नंबरानं हाक मारायचे. "आपल्याकडं कोयता म्हणत्यात, तसंच की," हिरा म्हणाली. सोबतचे प्राध्यापक म्हातारीला विचारत होते, मजुरी किती, संप कधी झाला, घरं कशी होती. ती एकेका शब्दात उत्तर देत होती, नात इंग्रजीत सांगत होती. सगळे वह्या मिटून उठायला लागले.

"आन् मी इसरले बाई, तुमी काय सांगितलं व्हतं ते. तोंडातनं निगून गेलं. नातीला म्हटलं, आजीला इचार, तुमचं माहेर कुठलं? इंग्रजीत माहेराला शब्दच न्हाई, मग म्हटलं, आईचं गाव कंचं?"

म्हातारीनं एका गावाचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा. सतराव्या वर्षी फोटो बघून लग्न ठरलं होतं तिचं. बोटीतून उतरली तर धक्क्यावर उभा असलेला माणूस फोटोतल्यापेक्षा वीस वर्षांनी थोर. माहेरी पुन्हा जाणं झालंच नाही. इतकी माणसं वह्या घेऊन येऊन गेली होती, पण हे कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी दिवस मावळेपर्यंत ती बोलत राहिली आणि ते प्राध्यापक लिहीत राहिले.

"दुसऱ्या दिशी मी एकटीच गेले परत," हिरा म्हणाली. "माहेरवाशिणीला रिकामी कशी सोडायची? तांदूळ घेतले, नारळ तर तितं ढीगभर. तिला काय ठावं ओटी म्हंजी काय. पर मी तांदूळ काडल्यावर तिनं आपसूक एप्रन पुढं धरला. रडली वो लय. आन् ओटीतले खण संगंच नेले व्हते, त्यातला तुमचाच घातला मी. बाकीचे साधे व्हते, तुमचा तेवढा भारी वाटला मला."

तिनं फोटो दाखवला. सुरकुतलेली, लहानशी म्हातारी, तिच्या मांडीवर नारळ, आणि नारळाखाली माझा पोपटी टेरिलिन. घड्या पूर्ण उलगडलेल्या. फाटला नव्हता.

माणसानं माणसावर जळावं, ते समजण्यासारखं आहे. मी त्या खणावर जळले. कुठल्या तरी वाण्याच्या दुकानातून निघालेला, कुणाला नको असलेला तो हातभर कपडा सात समुद्र ओलांडून राणीच्या बेटावर पोचला होता. मी काय बोलले आठवत नाही. "छान" असं काहीतरी म्हणाले असेन.

पुढच्या हंगामात, कारखान्याचा बॉयलर पेटला त्याच आठवड्यात, मला होनोलुलूहून पत्र आलं. टाईप केलेलं, माझ्या नावानं. या वर्षी माझी निवड झाली होती. अर्ज नाही, मुलाखत नाही. खाली एक ओळ होती: गेल्या वर्षीच्या आमच्या सहभागी शिक्षिकेनं कळवलं आहे की तिला जे काही येत होतं ते तुम्ही शिकवलं, आणि म्हणून आम्ही तुम्हाला आग्रहानं बोलावत आहोत.

पत्र वाचताना पहिल्यांदा अंगावर काटा आला, आनंदाचा. मग ती ओळ पुन्हा वाचली. पुन्हा वाचली. तिच्या शिफारशीनं. हिराच्या शब्दावर मी जाणार. ह्यांना पलटणीत कळवलं, त्यांचं उलट टपाली उत्तर आलं: जरूर जा, रजा काढून मी घरी येतो. सासूबाई म्हणाल्या, "जा की गं. सा आटवडं म्हंजी काय? मी हाय की हितं घट." कुणीच अडवत नव्हतं. माझ्या आयुष्यात मला इतकं मोकळं कधी कुणी सोडलं नसेल.

मी कोरा कागद घेतला आणि माझ्या उत्तमोत्तम इंग्रजीत लिहिलं की सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांना सोडून येणं माझ्या कर्तव्याला धरून होणार नाही, मनःपूर्वक आभार. पोस्टात टाकलं. मोठ्या बाईंना तेच सांगितलं. ह्यांना काहीतरी वेगळं लिहिलं. पुढं मुलांना, साताऱ्यातल्या मैत्रिणींना, सेवानिवृत्तीच्या समारंभात हार घालायला आलेल्यांना, सगळ्यांना तेच सांगत आले: हवाईला जायची संधी आली होती हो, पण सासूबाईंचं आजारपण. लोक कौतुकानं माना हलवतात. आज पहिल्यांदा खरं लिहिते आहे.

आणि एक राहिलं. पत्र टाकून दहा-बारा दिवस झाले असतील. रविवार होता. हिरा घरी आली. सासूबाई अंथरुणाला खिळल्याचं तिला मोठ्या बाईंच्या पत्रातून कळलं होतं. त्या आठवड्यात ती रजेवर गावी गेली होती, तिथूनच दोन एस्ट्या बदलून आली होती. हातात शेळीच्या दुधाची बरणी, फडक्यात बांधलेलं कसलंसं मूळ, दुखण्यावर उगाळून द्यायला. चेहरा उतरलेला. मी दारात गेले तोवर ती अंगणात आली होती आणि अंगणात सासूबाई उभ्या होत्या, पदर खोचून, पाचटाचा भारा डोक्यावर घेऊन, गड्याला ओरडत.

त्यांनी भारा खाली टाकला. "आगं हिरे! आज अवचित? आन् त्ये दूध कुणाला?"

हिरानं त्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी दाराची चौकट धरून उभी होते. ती आता बोलणार, आणि या अंगणात, सासूबाईंसमोर, गड्यांसमोर माझं सगळं उघडं पडणार, हे मला दिसत होतं. मी वाट बघत होते. खरं तर तिनं बोलावं अशीच माझी इच्छा होती, म्हणजे निदान एकदा तरी तिच्यावर रागवायला मला हक्काचं कारण मिळालं असतं.

"तुमालाच आणलंय काकी," ती म्हणाली. "शेळी नवी व्यालीया, म्हटलं काकींना दूध द्यावं. दुसरं काय?" आणि ती मुळाची पुरचुंडी तिनं हळूच कमरेला खोचली.

सासूबाई दूध घेऊन आत गेल्या. हिरा पायरीवर बसली, मला म्हणाली, "बाई, च्या ठेवता का जरा? लय दमले." मी चहा ठेवला. साखर दोनदा पडली. आम्ही दोघींनी चहा घेतला, कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या रांगेबद्दल, दहावीच्या पोरींबद्दल बोललो. हवाईचं नावही तिनं काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच नाही.

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. मी तिला स्टँडपर्यंत पोचवायला गेले नाही. दारातच उभी राहून बघत राहिले, आणि त्या वेळी मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा हवाईचाही कधी वाटला नव्हता.